दहाच्या शिक्क्याची बोहनी

श्यामराव शेठला मासळी आवडते आणि दहाचं नाणं आवडत नाही. दोन्ही गोष्टी मला पक्क्या ठाऊक आहेत, कारण मासळी मी विकते आणि त्याची नाणी माझ्या सासूच्या डब्यात पडून होती. हे सांगताना आजही माझं डोकं तापतं, तेव्हा बोलणं जरा तिखट झालं तर चालवून घ्या.

आम्ही ढिवर. मोहाडीला लागूनच आमचं गाव आहे, गावाला तलाव आहे. सासरे आसाराम, त्यांना मी मामाजी म्हणते, तलावावर जाळं टाकतात आणि जे मिळेल ते सासू आणि मी सकाळी टोपल्यांत घालून मोहाडीच्या गुजरीत, म्हणजे रोजच्या सकाळच्या बाजारात, आणून विकतो. माझा नवरा लिलाधर ट्रकवर असतो. महिन्यातून एखाद-दोनदा घरी येतो, जेवतो, झोपतो, जातो. त्यामुळे घरातली भांडणं करायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, ते मला जमतंही.

सासूचं नाव सखाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंना भांडणं जमत नाही. त्यांना नोटाही जमत नाहीत. मासळी कापणाऱ्या बाईचा हात सकाळभर ओला असतो. त्या हातानं घेतलेली नोट भिजते, तिला वास लागतो, आणि मग तीच नोट किराणावाला दोन बोटांत धरून नाक मुरडत परत करतो. म्हणून आत्याबाईंना आधीपासून चिल्लर बरी वाटते. शिक्का पाण्यात खळबळला की स्वच्छ. मी फोननं पैसे घ्यायचा कागद टोपल्याला बांधून दिला आहे, त्यावर काहीजण पैसे टाकतात. पण पावभर झिंगे घेणारी माणसं अजून खिशातच हात घालतात.

मग कधीतरी कुणीतरी उठवलं की दहाचा शिक्का बंद झाला. कोणी उठवलं, कधी उठवलं, कुणाला पत्ता नाही. बँकेच्या भिंतीवर कागद चिकटवलेला आहे की दहाची सगळी नाणी चालतात. तो कागद मी वाचला आहे. पण चहावाला घेत नाही, काळीपिवळीचा ड्रायव्हर घेत नाही, किराणावाला घेत नाही. एकटी सखाबाई घेते. मग काय, अख्ख्या मोहाडीला कळलं की हिच्याकडे खपतात. ज्याच्या त्याच्या खिशातले अडलेले शिक्के आमच्या टोपल्यापाशी येऊन सुटायला लागले.

त्यात सगळ्यात पहिला नंबर श्यामराव शेठच्या नत्थूचा. नत्थू शेठच्या दुकानात जुना नोकर आहे, शेठच्याच वयाचा, गरीब माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. तो रोज आम्ही टोपली उतरवायच्या आत हजर. कारण शेठला माहीत होतं की आत्याबाई बोहनी परत करत नाहीत. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहनी. आत्याबाई ते पैसे कपाळाला लावतात, टोपल्याच्या काठाला लावतात आणि कनवटीला खोचतात. ते पैसे कसे आहेत, हे त्या बघतही नाहीत.

"आत्याबाई, हे शिक्के कोणीच घेत नाई," मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "बोहनी वापस करत नसतात बाई. सरकारचा शिक्का हाय. आज नाई तं उद्या चालन."

"कोणाकडे चालन? तुमच्या डब्याकडे?"

यावर त्या हसायच्या. त्यांचं ते हसणं पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी तुपाचा एक मोठा डबा होता, तो शिक्क्यांनी भरत आला होता. तो उचलायला दोन्ही हात लागत.

हे असंच चाललं असतं, पण धानाची कापणी आटोपली आणि मामाजींचं जाळं गेलं. बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला अडकलं आणि ओढताना त्याच्या चिंध्या झाल्या. सूत जुनंच झालं होतं. जाळ्याच्या काठाचं शिसं तेवढं शाबूत राहिलं.

आमच्या तलावाची रीत अशी, की संक्रांतीच्या आधी पाणी उतरलं की सगळी ढिवर घरं मिळून तलाव काढतात, म्हणजे त्यातली सगळी मासळी धरतात. ज्याचं जाळं त्याला वाटा. ज्याच्याकडे जाळं नाही त्यानं दुसऱ्याच्या जाळ्याची दोरी ओढायची आणि संध्याकाळी रोजी घेऊन घरी जायचं. वर्षाची कमाई त्या वाट्यात असते. मामाजी जाळ्याच्या चिंध्या मांडीवर घेऊन बसले होते.

"उमर गेली माही आपल्या जाळ्यावर," ते म्हणाले. "आता सोमाजीच्या जाळ्याची दोरी धरू का?"

जाळं ते स्वतःच विणतात. फक्त तंगूस, म्हणजे नायलॉनचं सूत, विकत आणावं लागतं, आणि मोहाडीत ते एकाच दुकानात मिळतं. श्यामराव शेठच्या.

मी आणि आत्याबाई डबा घेऊन गेलो. दुकानात दोर, कोयते, फवारणीचे पंप, रंगाचे डबे, आणि मागच्या भिंतीवर खुंटीला तंगूसाच्या लडी टांगलेल्या. शेठनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं.

"हे नाई चालत ताई. नोटा आण."

"काहून नाई चालत? सरकारचे हायत."

"मले काई तरास नाई. पण माह्याकडून पुढं कोणी घेत नाई ना. याच्यावर मले व्यापारी माल देईन काय?"

"मंग नत्थूभाऊ रोज कोणाच्या गल्ल्यातले आणते?"

शेठ रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "शिक्क्यावर माहं नाव हाय का ताई? असं कर, माह्या भाच्याकडे दे. भुपेंद्र घेते. दहाचे आठ देते. नगदी नोटा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाचा दहाचे आठ देऊन लोकांकडून शिक्के गोळा करतो, आणि मामा तेच शिक्के नत्थूच्या हाती आमच्याकडे पाठवून पूर्ण दहाची मासळी खातो. वरून आम्हालाच सांगतो, आठ घे. मी त्याला तिथल्या तिथे काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईंनी माझा हात धरून मला बाहेर ओढलं.

बँकेतही गेलो. त्या कागदाखालीच खिडकी होती. खिडकीतला माणूस म्हणाला, मोजायला माणूस नाही, पुढल्या आठवड्यात या. पुढल्या आठवड्यात तोच माणूस तेच बोलला. लिलाधरला फोन केला तर तो म्हणतो, "जाऊ दे ना, आठ तं आठ. कायले डोकं लावतं?" मी फोन ठेवून दिला. आत्याबाईही म्हणायला लागल्या की देऊन टाकू भुपेंद्रला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू पुन्हा आला, शिक्के घेऊन, आणि त्यांनी ते पुन्हा कपाळाला लावले. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पण कपाळाला लावलेला तो शिक्का माझ्या डोक्यातून जाईना. बोहनी काय फक्त ढिवरणीची असते? श्यामराव शेठ तर त्याबाबतीत आत्याबाईंच्याही वरचा. बोहनी झाल्याशिवाय तो कुणाला सुट्टे देत नाही, उधार देत नाही. गळकी बादली परत करायला आलेल्या एका माणसाला त्यानं पहिलं गिऱ्हाईक होईस्तोवर बाहेर बसवून ठेवलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि पहिलं गिऱ्हाईक तो कधीही परत पाठवत नाही. लक्ष्मी परत जाते म्हणतो.

दुसऱ्या दिवशी शेठनं शटर वर केलं, पायरीवर पाणी शिंपडलं, लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती लावली आणि वळून पाहतो तर मी काउंटरपुढे उभी. डबा काउंटरवर.

"बोहनी करा शेठ."

त्याचा चेहरा पाहायला तुम्ही तिथं असायला हवं होतं. "ते बाजूले ठेव," तो म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक येऊ दे, मंग पाहू."

"मी गिऱ्हाईकच हाव. पहिली."

बाजूच्या सायकल दुरुस्तीवाल्या पिंटूनं पाना खाली ठेवला आणि तमाशा पाहायला दारात आला. शेठनं उदबत्ती सरळ केली. मग त्यानं डब्याचं झाकण काढलं, एक शिक्का उचलला. एकच. तो कपाळाला लावला, लक्ष्मीपुढच्या ताटलीत फुलाजवळ ठेवला आणि म्हणाला, "बोल, दहाचं काय देऊ?"

दहाचं तंगूस त्यानं कापून दिलं. "झाली बोहनी. आता डबा उचल."

अशी चीड मला जन्मात आली नव्हती. त्यानं रीतही पाळली होती आणि मला बनवलंही होतं. घरी जाऊन मी ती इवलीशी लड मामाजींपुढे टाकली आणि झालं ते सांगितलं. त्यांनी लड उचलली, बोटांवर फिरवून पाहिली आणि बांबूच्या सुईवर गुंडाळायला घेतली.

"तसंही सुईवर एका टायमाले मावते तरी किती," ते म्हणाले. "उद्या आखीन आण."

माणूस शांत असला की त्याला नीट दिसतं, हे मला मान्य करावं लागेल. मी रागात जे पाहिलं नव्हतं ते मामाजींनी पाहिलं. बोहनी रोज होते.

त्या दिवसापासून रोज सकाळी, आत्याबाईंना गुजरीत बसवून, मी श्यामराव शेठच्या शटरपाशी उभी राहायला लागले. एक शिक्का, दहाचं तंगूस. ढिवरणीच्या आधी उठणारं गिऱ्हाईक मोहाडीत जन्माला यायचं आहे. मी दोन दिवस शहापूरला माहेरी गेले तेव्हा आमच्या शेजारच्या शकुनबाईनं माझी पाळी सांभाळली. घरी मामाजी रोज दुपारी अंगणात उन्हाला बसून सुई चालवायचे आणि जाळं बोटाबोटानं वाढायचं.

शेठनं करून पाहिलं नाही असं नाही. एका सकाळी शटर उघडलं तर नत्थू आधीच आत उभा, हातात नोट, आणि एक खराटा विकत घेत होता. पिंटू बाहेरून म्हणाला, "शेठ, आपल्याच खिशातून बोहनी होते का?" लोक हसले. थोड्याच वेळात दुकानातली फळी कोसळली आणि रंगाचा डबा फुटून नव्या दोरांच्या बंडलावर सांडला. मी काही केलं नाही, मी तेव्हा गुजरीत मरळ कापत होते. पण शेठनं त्यातून जे समजायचं ते समजलं आणि दुसऱ्या दिवशी मला पाहून नुसताच हात पुढे केला.

संक्रांत जवळ आली. जाळ्याचा घेर व्हायचा राहिला होता, तेवढाच. आणि नेमक्या त्या वेळी शेठला नवी अक्कल सुचली. त्यानं शिक्का घेतला, कपाळाला लावला, ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "तंगूस संपलं. माचिस नेजो."

मागे भिंतीवर लडी लोंबत होत्या. "त्या काय हायत मंग?"

"त्या बुक हायत."

"कोणाच्या?"

"हायत कोणाच्या तरी. माचिस घे नाईतं मोमबत्ती घे. बोहनी झाली."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी काउंटरवर हात आपटून भांडले. पिंटूनं मला पाणी आणून दिलं. आणि शेठ आपला गोड आवाजात, ताई, बीपी वाढन तुही. दोन दिवस वाया गेले. तलाव काढायला मोजके दिवस उरले आणि मामाजी रिकामी सुई हातात घेऊन अंगणात बसले. त्यांना तसं बसलेलं पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळी आत्याबाईंना चुलीजवळ माचिसचे खोके दिसले. "इतक्या माचिस कायले आणून राहिली?"

मी त्यांना दोन दिवसांचं सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग, असं वाटलं होतं. आता सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"बोहनी घेतली त्यानं?"

"घेतली."

"कपाळाले लावली?"

"लावली. ताटलीत ठेवली."

"अन् माल हाय, तरी नाई देला?"

"माचिस देली ना," मी कडूपणानं म्हटलं. "तुम्ही रोज त्याची बोहनी घेता, कधी सडकी मासळी देली का त्याले? एक दिवस? आताही सरकारचा शिक्का म्हणून बसा."

आत्याबाईंनी माचिसचे खोके एकावर एक रचून ठेवले. माझी खात्री झाली की या बाईच्या अंगात रागाचं हाडच नाही. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मी येईन दुकानात."

सकाळी त्यांनी टोपलं गुजरीत उतरवलंच नाही. नत्थू शिक्के मुठीत धरून आमच्या जागेजवळ उभा होता, त्याच्यासमोरून त्या सरळ निघून गेल्या. डोक्यावर टोपलं, वर ओलं पोतं. मी मागे. शटर नुकतं वर झालं होतं. आत्याबाईंनी पायरीवर टोपलं ठेवलं, पदराच्या गाठीतून शिक्का काढला आणि काउंटरवर ठेवला. शेठनं तो कपाळाला लावला आणि ताटलीत ठेवला.

"बोला आई."

"तंगूस."

"तंगूस संपलं आई. माचिस नेता का?"

"ते काय लटकून राहिलं?"

"ते बुक हाय."

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला, ज्या हाताचा मासळीचा वास कितीही धुतला तरी जात नाही तो हात, लक्ष्मीपुढच्या ताटलीत घातला, फूल बाजूला सारलं आणि आपला शिक्का उचलून घेतला. पदराला गाठ मारली.

"माल नाई तं बोहनी नाई," त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

बोहनी परत नेलेली मी कधी पाहिली नव्हती. पिंटूनंही पाहिली नसावी, कारण तो तोंड उघडं ठेवून उभा होता. शेठचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात एक शेतकरी फवारणीचा पंप घ्यायला आला, चांगला मोठ्या रकमेचा सौदा, तर शेठ दोन्ही हात पुढे करून त्याला म्हणाला, "थांबा भाऊ, पायरीवर नोका येऊ, थांबा." आणि स्वतः अनवाणी रस्त्यावर धावत आला.

"आई, असं करू नोका. तो शिक्का द्या."

"चालत नाई ना तो," आत्याबाई म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहून मी तो आवाज ऐकला नव्हता. शांतच होता, पण त्याच्यापुढे माझं सगळं ओरडणं फिकं होतं.

"तो नसन द्याचा तं दुसरा द्या. कोणताही द्या. एक द्या फक्त. तंगूस देतो ना मी."

रस्त्यावरची माणसं थांबली होती. दहाच्या शिक्क्यासाठी श्यामराव शेठ एका ढिवरणीपुढे हात पसरून उभा होता. आत्याबाई मागे वळल्या, पायरीवरच्या टोपल्यावरचं पोतं त्यांनी बाजूला केलं. खाली मासळी नव्हतीच. डबा होता. एवढं ओझं म्हातारीनं घरापासून डोक्यावर आणलं होतं आणि मला कळूही दिलं नव्हतं.

"एक नाई भेटत," त्या म्हणाल्या. "पाह्यजे असन तं सगळे घ्या लागतीन. दहाचे दहा."

शेठनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पंपवाला शेतकरी खिशात हात घालून म्हणाला, "शेठ, तुमी घेऊन राहिले काय शिक्के? माह्या घरीबी हायत." शेठ पायरीवर खाली बसला आणि डबा मांडीत घेऊन मोजायला लागला. नत्थू तोवर गुजरीतून परत आला होता, तो मालकाला मदत करायला वाकला, तर आत्याबाई त्याला म्हणाल्या, "तू राहू दे भाऊ. त्याईले मोजू दे."

भिंतीवरच्या सगळ्या लडी आमच्या टोपल्यात आल्या, आणि वर उरलेल्या पैशांच्या कोरड्या नोटा. आत्याबाईंनी त्या ओल्या हातानंच घेतल्या. दुपारपासून मामाजी सुई घेऊन बसले ते दिवे लागले तरी उठले नाहीत. तलाव काढायच्या दिवशी सोमाजीच्या जाळ्याशेजारी त्यांनी आपलं जाळं टाकलं आणि आपला वाटा घेतला.

शेठ शिक्के मोजत होता तेव्हा मधेच चुकला आणि त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागलं. मला आकडा पाठ होता. मी सांगितला नाही.